गच्चीवरचे ऊन

उन्हाचा उपयोग माणूस फार प्राचीन काळापासून करीत आला आहे. उन्हात त्याने धान्य वाळविले, समुद्राच्या पाण्याचे मीठ केले, कच्च्या विटा सुकविल्या. परंतु ह्याच उन्हापासून वीज निर्माण करावी, त्या विजेवर दिवे लावावेत आणि मोटार चालवावी, ही गोष्ट मात्र अगदी अलीकडची आहे. १८३९ साली एदमाँ बेकरेल ह्या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाला असे आढळून आले की, द्रावणात बुडविलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला असता अल्पसा विद्युत्प्रवाह वाहू लागतो. ह्या शोधाचा व्यवहारात उपयोग होण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअर्सन ह्या तिघा शास्त्रज्ञांनी सिलिकॉनचा सौरघट तयार केला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी शेकडा ६ भागाची वीज होत असे. आज घरांवर बसविल्या जाणाऱ्या पॅनेलांत हे प्रमाण शेकडा २० च्या वर गेले आहे. किंमतही इतकी उतरली आहे की, जी वस्तू एके काळी कृत्रिम उपग्रहांवर दिसे, ती आता शेजारच्या गच्चीवर दिसू लागली आहे.

साताऱ्यातील एका मध्यम स्थितीच्या कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. घरात आजोबा व आजी, त्यांचा मुलगा व सून, आणि सातवीत शिकणारी नात अशी पाच माणसे. आजोबा माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. मुलगा वाईला एका कचेरीत नोकरीस असून रोज जाऊन येऊन सत्तर किलोमीटर प्रवास करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छपरांवर सौरवीज आणण्याची योजना सुरू केली आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचास ७८,००० रुपये अनुदान देऊ केले. ते वाचून आजोबांनी त्या वर्षीच्या दिवाळीत आपल्या गच्चीवर ३ किलोवॅटचा संच बसवून घेतला. सहा निळी-काळी पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून तिरपी उभी राहिली.

घरात ह्या गोष्टीला एकच विरोध झाला. तो आजीचा. गच्चीचा जो भाग सर्वांत अधिक उन्हाचा, तोच नेमका पॅनेलांनी व्यापला होता.

“आता पापड, कुरडया कुठे घालू मी? तुमच्या डोक्यावर?” असे त्यांनी आजोबांना विचारले. आजोबांनी जिन्याच्या बाजूची एक पट्टी मोकळी करून दिली. परंतु ह्या तडजोडीने आजींचे समाधान झाले नाही.

पॅनेलांतून येणारी वीज एकाच दिशेने वाहणारी असते. घरातील उपकरणांना लागणारी वीज दिशा बदलत वाहणारी असते. हे रूपांतर इन्व्हर्टर नावाची भिंतीवरील पेटी करते. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले असता जी वीज खर्च होते, तिला एक युनिट म्हणतात. महाराष्ट्रातील चांगल्या उन्हात १ किलोवॅटच्या संचापासून दिवसाला सरासरी ४ युनिटे मिळतात. म्हणजे ह्या घराला दिवसाकाठी सुमारे १२ युनिटे मिळू लागली. घराची गरज होती पाच-सहा युनिटांची. उरलेली वीज तारेवाटे महावितरणाच्या जाळ्यात जाई, रात्री लागणारी वीज त्याच तारेने परत येई, आणि जाणाऱ्या व येणाऱ्या अशा दोन्ही युनिटांची नोंद एकच मीटर ठेवी. ह्या व्यवस्थेस नेट मीटरिंग असे म्हणतात. महिन्याच्या शेवटी दोहोंची वजाबाकी होई. पहिले बिल आले त्यात स्थिर आकाराखेरीज जवळजवळ काहीच नव्हते. आजोबांनी ते बिल आल्यागेल्यास दाखविले.

नातीने एक वही घातली. रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा आकडा ती त्या वहीत लिही. ह्या वहीमुळे घरातील मंडळींना पुष्कळ गोष्टी समजल्या. ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, अशी सर्वांची समजूत होती. ती पूर्णपणे खरी नव्हती. प्रकाश वाढला की वीज वाढते, परंतु पॅनेल तापले की थोडी घटते. म्हणून वैशाखातील रखरखीत दुपारी प्रकाशाच्या मानाने वीज कमीच मिळे. धूळ बसली की आकडा उतरे. समोरच्या नारळाची सावली सकाळी एका पॅनेलावर येई, तेवढ्यानेही फरक पडे.

त्याच वैशाखात एके दिवशी बारा वाजता वीज गेली. बाहेर ऊन मी म्हणत होते. गच्चीवरची पॅनेले त्या उन्हात न्हाऊन निघाली होती. तरीही घरातील पंखे थांबले आणि आजींच्या हाताखालचा मिक्सर मध्येच बंद पडला.

“इतकं ऊन असताना वीज जाते कशी? मग हे सगळं कशासाठी मांडून ठेवलंय?” आजी म्हणाल्या.

आजोबांनी नातीला जवळ बोलाविले व म्हणाले, “हे बघ, तारेतली वीज गेली की आपला इन्व्हर्टर आपण होऊन बंद पडतो. तो तसाच केलेला असतो. कुठे तार तुटली असेल, तर वायरमन खांबावर चढलेला असतो. तार मेलेली आहे असं समजून तो तिला हात लावतो. त्या वेळी आपल्या गच्चीवरची वीज त्या तारेत शिरली तर काय होईल?”

नात काही बोलली नाही. आजींनी मिक्सरचे भांडे काढून ठेवले आणि पाटा-वरवंटा घेतला. बॅटरी जोडलेला व तारेपासून स्वतःस तोडून घेणारा निराळ्या प्रकारचा संच असता, तर पंखे चालू राहिले असते. परंतु त्यास खर्च बराच अधिक येतो, आणि बहुसंख्य घरांवर साधाच संच असतो. छपरावर वीज तयार होत असली, तरी ते घर गावाच्या तारेपासून स्वतंत्र झालेले नसते, ही गोष्ट ह्या कुटुंबास त्या दुपारी कळली.

ह्यापूर्वीच, त्या वर्षीच्या पाडव्याला, मुलाने पेट्रोलची जुनी मोटार विकून विजेवर चालणारी मोटार घेतली होती. तिच्या क्रमांकाची पाटी हिरवी होती. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील शक्तीचा बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. विजेच्या मोटारीत फारच थोडा वाया जातो. त्यामुळे एका युनिटात ती सुमारे सात किलोमीटर धावे. वाईला जाऊन येण्यास दहा युनिटे पुरत. मुलगा रात्री आठच्या सुमारास घरी येई, अंगणातील जाड पिनेच्या सॉकेटला मोटार जोडी आणि झोपी जाई. सकाळी ती तयार असे. महिन्याच्या बिलात थोडी भर पडली, कारण घर आणि मोटार मिळून गरज आता छपराच्या कमाईच्या पुढे गेली होती. परंतु पेट्रोलच्या खर्चाशी तुलना करता ती भर नगण्य होती. “आमची मोटार उन्हावर चालते,” असे आजोबा अभिमानाने सांगू लागले.

एके रात्री नात वही घेऊन त्यांच्यापाशी आली.

“आजोबा, बाबा मोटार रात्री चार्जिंगला लावतात ना?”

“हो.”

“मग रात्री ऊन कुठे असतं?”

आजोबांनी चष्मा काढून ठेवला. प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर त्यांना ठाऊक होते. किंबहुना म्हणूनच त्यांनी तो स्वतःला आजवर विचारला नव्हता. दुपारी त्यांच्या छपरावर वीज होत असे तेव्हा मोटार वाईला कचेरीच्या आवारात उभी असे. रात्री मोटार घरी येई तेव्हा छप्पर झोपलेले असे. रात्री तारेतून येणारी वीज कोठून येत असे? २०२३-२४ साली भारतात तयार झालेल्या विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून झालेली होती, आणि सूर्य मावळल्यावर कोळशाचा वाटा आणखी वाढतो. ती वीज चंद्रपूर, कोराडी येथील भट्ट्यांतून येत असणार. कागदावर युनिटास युनिट जुळत होते. आकाशात जुळत नव्हते.

मग दोघांनी मिळून हिशेब केला. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवेत जातो. जुनी मोटार सत्तर किलोमीटरला साडेचार लिटरांच्या आसपास पेट्रोल घेई. म्हणजे दिवसाला सुमारे दहा किलो वायू. देशातील सर्व प्रकारच्या विजेची सरासरी काढली, तर एका युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम वायू पडतो. दहा युनिटांस सात किलो. रात्रीच्या कोळशाचा विचार केला तर ह्याहूनही अधिक. तेव्हा नवी मोटार जुनीपेक्षा चांगली खरी. पण आजोबा सांगत होते तितकी नव्हे. तिची बॅटरी तयार करतानाही बराच वायू हवेत गेलेला असतो, तो वेगळाच. हीच मोटार भर दुपारी चार्जिंगला लावली असती, तर तिच्या वाट्याला फार थोडा धूर आला असता.

हा हिशेब इतका काटेकोरपणे करण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते; आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. २०१५ साली पॅरिस येथे जगातील राष्ट्रांनी तापमानाची वाढ दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करावयाचे ठरविले. परंतु २०२४ हे वर्ष संपले तेव्हा त्या एका वर्षाची सरासरी दीड अंशापलीकडे गेल्याचे जागतिक हवामान संघटनेने जाहीर केले. तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि ते एकदम सोडते. साताऱ्याच्या लोकांना ह्याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात दरडी कोसळून घरे माणसांसह गाडली गेली. कोणत्याही एका पावसाचा सारा दोष ह्या वायूवर टाकता येत नाही. परंतु अशा पावसाची शक्यता त्यामुळे वाढते, असे शास्त्रज्ञ सांगतात. भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे असे जाहीर केले की, २०३० पर्यंत कोळसा-तेलाखेरीज अन्य साधनांची वीजक्षमता ५०० गिगावॅटपर्यंत नेली जाईल, आणि २०७० पर्यंत देश जितका वायू हवेत सोडील तितकाच शोषून घेईल. छपरावरचे अनुदान काय किंवा हिरव्या पाटीच्या मोटारीवरील कमी कर काय, ही सर्व त्याच वचनाची लहान लहान अंगे होत.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी आजींकडून आले, आणि तेही अनपेक्षितपणे. आजोबा बॅटरीविषयी सांगत होते. आजी जवळच बसून डब्यांत कुरडया भरीत होत्या.

“म्हणजे वाळवणच की ते!” त्या म्हणाल्या. “आम्ही चैत्रात ऊन साठवतो आणि श्रावणात तळून खातो.”

उपमा इतकी नेमकी होती की आजोबांना हसू आले. ऊन हे फुकट मिळते, पण वेळेवर मिळत नाही. म्हणून ते साठविणे हीच खरी विद्या होय. गुजरातेतील मोढेरा ह्या गावी सुमारे हजार वर्षांपूर्वीचे सूर्यमंदिर आहे. त्याच गावात तेराशेहून अधिक घरांवर पॅनेले बसविण्यात आली, जवळच सौर वीजकेंद्र उभारून त्यास मोठ्या बॅटऱ्या जोडण्यात आल्या, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ते रात्रंदिवस सौरविजेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. बॅटरी दिवसाचे ऊन रात्रीस देते. मात्र चैत्राचे ऊन श्रावणास देणे तिला परवडत नाही. तेथे आजींच्या कुरडईची बरोबरी तिला करता येत नाही.

पाण्याला ते जमते. आजोबा लहान असताना, १९६२ साली, कोयनेची वीज प्रथम वाहू लागली होती. चार महिने कोसळणारा पाऊस धरणात साठवावयाचा आणि वर्षभर हवा तेव्हा बोगद्यातून खाली सोडून त्यावर वीज करावयाची, हेही एक वाळवणच. कोयनेची यंत्रे काही मिनिटांत सुरू करता येतात. म्हणून संध्याकाळी घरोघर दिवे लागले आणि मागणी एकदम वाढली की तेथील पाण्याचा फार उपयोग होतो. घाटघर येथे तर ह्याच्याही पुढची युक्ती आहे. मागणी कमी असताना उरलेल्या विजेने खालचे पाणी वरच्या जलाशयात चढवितात, आणि गरज पडली की तेच पाणी पुन्हा खाली सोडतात.

ज्यांची गरज दुपारकडे सरकविता येते, त्यांना साठविण्याचीही जरूरी नसते. शेतकऱ्याची गोष्ट अशीच आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे रात्रीची वीज मिळे. काळोखात, विंचू-सापांच्या वाटेवरून, हातात विजेरी घेऊन त्यांना पाणी धरावयास जावे लागे. २०१७ साली राज्याने शेतीच्या वाहिन्यांना सौर केंद्रे जोडण्याची योजना हाती घेतली, ती त्यांना दिवसा वीज मिळावी म्हणून. उसाला पाणी दुपारी दिले काय किंवा रात्री दिले काय, उसाची तक्रार नसते. मोटारीचे तसे नाही. ती माणसाबरोबर फिरते, आणि माणूस दुपारी घरी नसतो.

नेट मीटरिंगच्या सोयीविषयी आणखी एक तक्रार ऐकू येते. ज्याला स्वतःचे छप्पर आहे, हाताशी लाख-दीड लाख रुपये आहेत, तो बिल शून्यावर आणतो. पण रात्री मात्र सर्वांच्याच तारा, रोहित्रे आणि भट्ट्या वापरतो. ह्या तारांचा खर्च मग कोणी द्यावयाचा? आजोबांच्या खालच्या दोन खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला छप्पर नाही. मोठ्या शहरांतील इमारतींत तर चाळीस बिऱ्हाडांना मिळून एक गच्ची असते, आणि मोटारीसाठी एक सॉकेट बसवावयाचे म्हटले तरी संस्थेच्या सभेत दोन-दोन तास वाद होतो. ह्या तक्रारीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. सोय नवी असताना ती उदारपणे द्यावी लागते. घरोघर पोहोचली की तिचे नियम बदलावे लागतात. असे बदल ठिकठिकाणी होऊ लागले आहेत. दुपारची वीज मुबलक व म्हणून स्वस्त, संध्याकाळची टंचाईची व म्हणून महाग, असा वेळेप्रमाणे दर लावण्याकडे कल आहे. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ह्या वेळेतील वापरावर सवलत मिळू लागली.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात नातीच्या वहीतील आकडे फार खाली गेले. आषाढातील काही दिवशी तीन युनिटेच मिळाली. त्यावरून घरात पुन्हा बोलणे निघाले.

“वाईला एस. टी. जाते की,” आजी म्हणाल्या. “एका माणसासाठी एवढं लोखंड कशाला पळवायचं?”

मुलगा हसला, परंतु त्या मुसळधार पावसाच्या आठवड्यांत तो खरोखरच दोन-तीन दिवस एस. टी.ने गेला. आजींच्या प्रश्नाला कोणत्याही योजनेत पुरेसे उत्तर नाही, हेही नमूद करावयास हवे. चाळीस उतारू नेणारी साधी डिझेलची गाडीदेखील माणशी हिशेब केला तर एकट्यादुकट्याच्या मोटारीपेक्षा कमी धूर सोडते.

पाऊस उघडल्यावर मुलाने कचेरीच्या व्यवस्थापकांना अर्ज करून वाहनतळाच्या पत्र्याखाली दोन सॉकेटे मागून घेतली. वापरलेल्या विजेचे पैसे भरण्याचे त्याने मान्य केले होते. आता मोटार तेथेच सकाळी दहापासून चार्जिंगला लागे. संध्याकाळी घरी आल्यावर ती नुसती उभी राही. घरातही वेळा बदलल्या. टाकीत पाणी चढविणारा पंप पहाटेऐवजी अकराला सुरू होऊ लागला. कपडे धुण्याचे यंत्र आणि डाळ-तांदळाचे वाटण दुपारी होऊ लागले. ह्यासाठी सुनेने कोणतेही वेळापत्रक केले नाही. “आई, तुम्ही सांगाल तेव्हा लावते,” एवढेच ती म्हणाली. सूर्य कोठे आला म्हणजे काय करावयाचे, हे त्या घरात आजींइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आजोबांनी व नातीने भल्या पहाटे, पॅनेले थंड असताना, ती पाण्याने व मऊ फडक्याने पुसून काढली. पावसाळ्यातील शेवाळाचे डाग कडांना धरले होते, ते निघावयास वेळ लागला. समोरच्या नारळाच्या दोन झावळ्याही मालकास विचारून उतरविल्या.

पुढच्या रविवारी मुलगा घरीच होता. साडेदहाला त्याने मोटार अंगणात चार्जिंगला लावली. जिन्याच्या बाजूच्या पट्टीत आजींनी पांढऱ्या धोतरावर सांडगे घातले होते, आणि चिमण्यांना हाकलण्यासाठी नातीला तेथे बसविले होते. तिने मांडीवर वही घेतली व तारखेपुढे लिहिले: “ऊन १३ युनिटे. मोटार ९. घर ४. तारेत गेली ०. सांडगे दोन ताटे.”